पारंपरिक नृत्यातील पुकार आणि कालबाह्य शब्द : अमेरिकन स्क्वेअर व कॉन्ट्रा नृत्यांच्या संदर्भात

प्रास्ताविक

लोकगीतातील शब्द कालबाह्य झाल्यावर त्यांचे काय करावे, हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. संग्राहक ते शब्द जसेच्या तसे टिपून ठेवतो, संपादक त्यांना टीप जोडतो, गायक एखादे कडवे गाळून पुढे जातो. श्रोत्याला एखादा शब्द रुचला नाही तर तो त्याकडे कानाडोळा करू शकतो. परंतु ज्या नृत्यप्रकारात शब्द हीच आज्ञा असते आणि ऐकणारा हाच नाचणारा असतो, तेथे ही सोय उपलब्ध नसते. कानावर पडलेला शब्द पुढच्याच क्षणी पायांनी पाळावा लागतो. अमेरिकेतील स्क्वेअर डान्स व कॉन्ट्रा डान्स हे असे नृत्यप्रकार होत. गेल्या काही दशकांत या नृत्यांतील पुकारांच्या भाषेविषयी तेथे जी चर्चा झाली, ती भाषाभ्यास, समाजशास्त्र आणि लोकसाहित्य या तिन्ही विद्याशाखांच्या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखात त्या चर्चेतील काही ठळक मुद्द्यांचा परामर्श घ्यावयाचा आहे.

नृत्य आणि पुकारणारा

स्क्वेअर डान्समध्ये चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहतात. कॉन्ट्रा डान्समध्ये नर्तकांच्या दोन लांब रांगा समोरासमोर असतात आणि प्रत्येक जोडी हळूहळू रांगेतून पुढे किंवा मागे सरकत नव्या जोडीबरोबर नाचते. दोहोंची मुळे युरोपात सापडतात. लंडनमध्ये 1651 च्या सुमारास प्रसिद्ध झालेले जॉन प्लेफर्डचे नृत्यपुस्तक, फ्रान्समधील कोतियाँ व क्वाड्रिल हे सामूहिक नृत्यप्रकार आणि स्कॉटलंड-आयर्लंडमधील रील यांचा वारसा त्यांत मिसळला आहे. मात्र युरोपात नृत्यशिक्षकाकडून आकृत्या आधी पाठ करून मग नाचण्याचा प्रघात होता. नाच चालू असताना कोणीतरी पुढची हालचाल पुकारून सांगावी, ही अमेरिकेची भर होय.

या व्यक्तीस इंग्रजीत 'कॉलर' म्हणतात. सदऱ्याच्या कॉलरशी घोटाळा होऊ नये म्हणून येथे 'पुकारणारा' असा शब्द योजला आहे. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर लेझीम घेताना शिक्षक आकडे मोजतात किंवा शिट्टी देतात, त्यावरून या कामाची अंधुक कल्पना येईल. फरक इतकाच, की लेझमीचे हात मुलांनी आधी बसवलेले असतात, तर स्क्वेअर डान्समध्ये पुढे काय येणार हे बहुधा फक्त पुकारणाऱ्यालाच ठाऊक असते. चालू हालचाल संपण्याच्या दोन-चार ठोके आधीच त्याने पुढची आज्ञा उच्चारलेली असावी लागते. ती उशिरा आली, लांबली किंवा अस्पष्ट झाली तर आठही जण अडखळतात. पुकाराचा प्रत्येक शब्द असा तालाच्या तराजूत तोलला जातो.

पुकार ही प्रथा कोठून आली, याचे उत्तर दीर्घकाळ सोयीस्कररीत्या विसरले गेले होते. 1917 मध्ये सेसिल शार्प या इंग्रज संग्राहकाने केंटकीच्या डोंगराळ भागातील पाइन माउंटन येथे एक नृत्य पाहिले आणि ते प्राचीन इंग्लिश नृत्याचे शुद्ध अवशेष असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे 1920 च्या दशकात मोटार-उद्योजक हेन्री फोर्ड यांनी जॅझ संगीताला उतारा म्हणून जुन्या नृत्यांचे पुनरुज्जीवन हाती घेतले व 1926 मध्ये एक नृत्यपुस्तकही प्रसिद्ध केले. ज्यूंविरुद्ध लेखन करणारे त्यांचे वृत्तपत्र याच काळात चालू होते, ही गोष्ट त्या पुनरुज्जीवनाचा विचार करताना दृष्टिआड करता येत नाही. या सर्व खटाटोपातून स्क्वेअर डान्स म्हणजे गोऱ्या, ग्रामीण, निष्पाप अमेरिकेचे नृत्य अशी प्रतिमा रूढ झाली. 1982 मध्ये तर अमेरिकी काँग्रेसच्या ठरावाने त्यास 1982 व 1983 या दोन वर्षांसाठी राष्ट्रीय लोकनृत्याचा मान मिळाला.

फिल जेमिसन या अभ्यासकाने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रतिमेला सप्रमाण छेद दिला. ते स्वतः वादक व पुकारणारे आहेत, हेही महत्त्वाचे. त्यांच्या मांडणीनुसार दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या मेजवान्यांत फिडल वाजविण्याचे काम मुख्यतः गुलाम कृष्णवर्णीय वादकांकडे असे आणि नाचणाऱ्यांना आकृत्या पुकारून सांगण्याची पद्धत त्यांच्यापासूनच सुरू झाली. गुलामीतून सुटलेल्या सॉलोमन नॉर्थप याच्या 1853 मधील आत्मकथनातही मालकांच्या समारंभात फिडल वाजविण्यास पाठविले जाण्याचे उल्लेख आहेत. ज्याला स्वतःच्या आयुष्यात आज्ञा पाळण्याखेरीज गत्यंतर नव्हते, त्याच्या आज्ञेवर मालकाचे घर नाचत होते. पुकाराच्या भाषेचा इतिहास येथून सुरू होतो, हे लक्षात ठेवल्यास पुढील चर्चेला वेगळे वजन येते.

पुकारातील तीन प्रकारचे शब्द

वादात सहसा 'जुने शब्द' असा एकच ढीग केला जातो. बाजू घेणारे तो सगळाच राखू पाहतात, आक्षेप घेणारे सगळाच फेकू पाहतात. वस्तुतः पुकारात तीन भिन्न जातीचे शब्द असतात आणि प्रत्येकाचा न्याय निराळा आहे.

पहिली जात आज्ञेची. 'दो-सी-दो', 'अलेमांड', 'प्रॉमेनेड', 'सॅशे' ही तिची उदाहरणे. यांतील बहुतेक शब्द फ्रेंचमधून आले आणि खेड्यापाड्यांतील जिभांवर घासून गुळगुळीत झाले. 'पाठीला पाठ' या अर्थाच्या फ्रेंच शब्दसमूहाचे 'दो-सी-दो' झाले. 'अलेमांड' म्हणजे मुळात 'जर्मन', पण डावा हात धरून फिरणाऱ्या नर्तकाच्या मनात जर्मनीचा विचार येत नाही. आज्ञाशब्दाचा कोशातील अर्थ मरतो आणि हालचालीचा अर्थ उरतो.

दुसरी जात भरताडाची. आज्ञा देऊन झाल्यावर हालचाल पूर्ण होईपर्यंत जे ठोके रिकामे राहतात, ते पुकारणारा यमकांनी, चुटक्यांनी, टोमण्यांनी भरून काढतो. हे शब्द कोणी पाळायचे नसतात. त्यांचे काम ताल धरणे आणि हशा पिकवणे एवढेच असते. जुन्या भरताडात स्त्रीची तुलना पाळीव जनावरांशी किंवा खाद्यपदार्थांशी होई, अविवाहितेची थट्टा होई, जाड्या-बारक्यांची टिंगल होई. मूळ अमेरिकी जमातींचा उल्लेखही असाच येई. एकामागे एक चालण्याच्या हालचालीला 'इंडियन पद्धत' म्हणण्याचा प्रघात त्यातलाच. (हे 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, कोलंबसाच्या भूगोलाचे बळी.)

तिसरी जात गीताची. 'गायिलेला पुकार' नावाच्या प्रकारात एखाद्या लोकप्रिय गाण्याच्या चालीवर आज्ञा बसविलेल्या असतात. आधुनिक पाश्चिमात्य स्क्वेअर डान्समध्ये याचा साचा ठरून गेला आहे. 64 ठोक्यांचे सात भाग असतात. प्रत्येक भागाच्या अखेरीस जोड्या चौकोनाभोवती मिरवत आपल्या जागी परततात, तेव्हा सुमारे 16 ठोके पुकारणाऱ्याला मोकळे मिळतात आणि तेथे तो मूळ गाण्याच्या ओळी गातो. हे शब्द त्याचे स्वतःचे नसतात. ते दुसऱ्याच कोणी, दुसऱ्याच काळात, दुसऱ्याच हेतूने लिहिलेले असतात.

भरताडाविषयी फार चर्चेची गरज नाही, असे प्रस्तुत अभ्यासकास वाटते. ते पहिल्यापासून तात्पुरतेच होते. पुकारणारा समोरचा जमाव पाहून ते रचतो किंवा बदलतो आणि शनिवारच्या सभागृहात जे चालले ते रविवारच्या शाळेत चालत नाही, हे प्रत्येक चांगल्या पुकारणाऱ्यास ठाऊक असे. अशा शब्दांना 'परंपरा' म्हणून कवटाळणे म्हणजे परंपरेच्या चालीरीतीच न ओळखणे होय. बदलाला खरा अडथळा येतो तो आज्ञाशब्दांत, आणि खरी गुंतागुंत आढळते ती गीतांत.

आज्ञाशब्दांचा पेच

कॉन्ट्रा डान्समध्ये एक हालचाल अशी आहे : दोन नर्तक एकमेकांना स्पर्श न करता, नजरेला नजर देत, एकमेकांभोवती एक फेरी घेतात. 1970 च्या दशकापासून ही हालचाल कॉन्ट्रा नृत्यांत रूढ झाली. तिचे नाव 'जिप्सी' होते. इंग्लंडमधील मॉरिस नृत्याच्या नोंदींत शार्प यांनी वापरलेल्या 'जिप' या संज्ञेशी त्याचे नाते जोडले जाते. 2015 च्या आगेमागे या नावाविरुद्ध आवाज उठू लागला.

आक्षेपाचे कारण मराठी वाचकाने विशेष लक्षपूर्वक पाहावे असे आहे. युरोपातील ज्या भटक्या समाजाला हे नाव दिले गेले, तो स्वतःला 'रोमा' म्हणवितो. हे लोक इजिप्तमधून आले, या चुकीच्या समजुतीतून 'जिप्सी' हा शब्द घडला. त्यांची रोमानी भाषा मात्र त्यांचे मूळ स्पष्टपणे सांगते. ती भारतीय आर्य कुळातील आहे. तिच्यात दोनला 'दुय', तीनला 'त्रिन', चारला 'श्तार', पाचला 'पान्ज' म्हणतात, पाण्याला 'पानी' आणि कानाला 'कन' म्हणतात. अशा या आपल्या दूरच्या भाषाभगिनीच्या मुलांना युरोपात शतकानुशतके चोर-भामटे ठरविले गेले आणि नाझी राजवटीत त्यांच्यापैकी लाखोंची हत्या झाली. 1971 मध्ये लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमानी परिषदेत 'रोमा' हे नाव स्वीकारले गेले. त्या परिषदेने मान्य केलेल्या ध्वजावर आरे असलेले चक्र आहे, जे पाहून भारतीयाला अशोकचक्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या नावाच्या समर्थकांचे म्हणणे असे, की 'अलेमांड' म्हणताना जसा जर्मन आठवत नाही, तसा या शब्दाने रोमाही आठवत नाही. तो केवळ हालचालीचा संकेत झाला आहे. वर म्हटल्याप्रमाणे आज्ञाशब्दाचा कोशार्थ मरतो हे खरे. पण तो सर्वांच्या कानी एकाच वेळी मरत नाही, ही गोष्ट या युक्तिवादात निसटते. जर्मनांना कोणी त्या शब्दाने हिणवून गावाबाहेर काढले नव्हते. ज्याच्या आजीला त्या नावाने हाकलले गेले, त्याच्या कानी तो शब्द जिवंतच असतो, आणि हाच शब्द ऐकून त्याने सभागृहात हसतमुखाने फेरी घ्यावी अशी अपेक्षा असते.

व्यावहारिक अडचण वेगळीच होती. जुने नाव दोन उच्चारखंडांचे. त्याच्या जागी सर्वाधिक रूढ झालेले 'राइट शोल्डर राउंड', म्हणजे 'उजव्या खांद्याने फेरी', हे चार उच्चारखंडांचे. पुकारणाऱ्याला ते अधिक लवकर सुरू करावे लागते. प्रारंभी अनेकांनी याच कारणाने नाक मुरडले. तथापि या नावाचा एक लाभ दुर्लक्षिण्याजोगा नाही. नवशिक्याला जुन्या नावातून काहीच बोध होत नसे. नव्या नावात दिशाही आहे आणि कृतीही आहे. जुन्या नावाभोवती साचलेली मादक नजरेची सूचनाही त्यातून गळून पडली, जी अनेक स्त्रियांना अनोळखी जोडीदारापुढे अवघड वाटत होती.

भूमिकांच्या नावांची कथा याच्या उलट आहे. 'लेडीज' आणि 'जेंट्स' या शब्दांत अपमान नाही. आहे ती गृहीत धरलेली एक व्यवस्था, की जोडी स्त्री-पुरुषाचीच असते आणि उजवीकडे स्त्रीच उभी राहते. बॉस्टनच्या जमैका प्लेन भागात 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून लिंगनिरपेक्ष कॉन्ट्रा नाचला जाऊ लागला. तेथे एका भूमिकेच्या नर्तकांनी दंडावर पट्टी बांधायची आणि पट्टी असलेले व नसलेले अशीच हाक द्यायची, अशी युक्ती काढली गेली. पुढे अनेक जोडनावे आली नि गेली. अखेर डावीकडच्यास 'लार्क' आणि उजवीकडच्यास 'रॉबिन' ही पक्ष्यांची नावे बऱ्याच ठिकाणी स्थिरावली. 'रॉबिन'च्या जागी आधी 'रेव्हन', म्हणजे डोमकावळा, होता. यशाचे रहस्य तत्त्वज्ञानात कमी आणि उच्चारात अधिक आहे. 'जेंट्स' एका उच्चारखंडाचा, तसाच 'लार्क्स'. 'लेडीज' दोन उच्चारखंडांचा, तसाच 'रॉबिन्स'. शिवाय इंग्रजीत डाव्याचे आद्याक्षर 'एल' आणि उजव्याचे 'आर', त्यामुळे पक्ष्याच्या नावातूनच बाजू कळते. जुन्या पुकारात हे शब्द जसेच्या तसे बसतात, एक ठोकाही हलत नाही. ज्यांना विचार पटला नव्हता, त्यांच्याही पायांना तो अडला नाही.

'नेली ग्रे'चे उदाहरण

गीतांच्या बाबतीत मात्र ठोके मोजून प्रश्न सुटत नाही. 'टर्की इन द स्ट्रॉ' ही चाल घ्या. स्क्वेअर डान्सच्या वादनात ती सर्वश्रुत आहे. 1834 च्या सुमारास याच चालीवर कृष्णवर्णीयांची टवाळी करणारे एक गीत, चेहऱ्याला काजळ फासून गोऱ्या नटांनी करावयाच्या मिन्स्ट्रेल खेळांतून गाजले होते. ते शब्द लोप पावले, चाल उरली. तरीही 2020 मध्ये एका मोठ्या आइस्क्रीम कंपनीने आरझेडए या कलावंताकडून नवी धून करवून घेतली, कारण आइस्क्रीमच्या गाड्यांवर वाजणाऱ्या या चालीतून काहींना जुने शब्द ऐकू येत होते. 1907 च्या 'रेड विंग'वरही पुकार बांधले गेले. त्यातील मूळ अमेरिकी तरुणीचे भावुक चित्र आज अनेकांना खटकते.

याहून विचार करायला लावणारे उदाहरण 'डार्लिंग नेली ग्रे' या गीताचे आहे. बेंजामिन हॅन्बी या ओहायोतील तरुण विद्यार्थ्याने लिहिलेले हे गीत 1856 मध्ये प्रसिद्ध झाले. केंटकीतील एका गुलामाची प्रेयसी त्याच्यापासून हिरावून दक्षिणेस जॉर्जियाला विकली जाते, त्याचा हा विलाप आहे. गुलामगिरीविरुद्ध लोकमत घडविण्यास अशा गीतांनी हातभार लावला. पुढे याच चालीवर एक आनंदी गायिलेला पुकार तयार झाला व विसाव्या शतकात तो अमेरिकाभर नाचला गेला. त्यात विक्री नाही, बेड्या नाहीत, जॉर्जियाही नाही. नेली ग्रे हे नाव तेवढे शिल्लक आहे आणि ते आता गिरकी घेणाऱ्या कोणत्याही जोडीदारणीचे नाव झाले आहे.

म्हणजे श्रोत्यांच्या सोयीसाठी शब्द बदलणे, ही आजच्या संवेदनशील पिढीने काढलेली टूम नव्हे. हे काम आधीच झाले होते, आणि ते नाचणाऱ्यांची करमणूक निर्वेध व्हावी म्हणून झाले होते. त्या बदलाविरुद्ध परंपरेच्या नावाने फारशी ओरड झाली नाही. प्रस्तुत अभ्यासकाच्या मते कोणत्याही शब्दबदलाची कसोटी येथे सापडते. 'जिप्सी' गेल्याने सभागृहाचे दार एका माणसासाठी अधिक उघडते. 'नेली ग्रे'तील विक्री गेल्याने एक माणूस दाराबाहेर ढकलला गेला, आणि त्याच्या वियोगावर नाच झाला. दोन्हीकडे शब्दच बदलले, पण कोणासाठी बदलले, हे निराळे आहे.

असे असले तरी एक धोका नव्या बदलातही आहे. आक्षेपार्ह चाली आणि गीते मुकाट्याने बाजूला ठेवली, तर मिन्स्ट्रेल खेळांबरोबर कृष्णवर्णीय फिडलवादकांचा आणि पुकारणाऱ्यांचा ठावही पुसला जाण्याची शक्यता असते. सभागृह निर्मळ होते आणि त्याचबरोबर शार्प व फोर्ड यांनी कल्पिलेल्या त्या निष्पाप चित्राच्या जवळ जाते. म्हणूनच काही पुकारणारे एखादी चाल टाळताना ती का टाळली, हे विश्रांतीच्या वेळी थोडक्यात सांगतात. नाच चालू असताना इतिहास सांगता येत नाही, 64 ठोक्यांत तेवढी जागाच नसते.

आपल्याकडील भोंडल्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो, आणि अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांतही भोंडला होत असल्याने ती अगदीच अप्रस्तुत नाही. भोंडल्याच्या गीतांत सासुरवास आहे, माहेरी जाण्यासाठी सुनेला घराघरातील एकेकाची घ्यावी लागणारी परवानगी आहे, वेड्या नवऱ्याची थट्टाही आहे. आजच्या मुलींना त्यातील बरेच परके वाटते. पण भोंडल्यात पुकारणारा नाही. फेर धरणाऱ्या मुली स्वतःच गातात आणि शब्द पावलांना आज्ञा करीत नाहीत. एखादे गीत गाळले तरी फेर मोडत नाही. शिवाय सासुरवासाचे ते गाऱ्हाणे सोसणाऱ्यांच्याच तोंडचे होते. जुन्या भरताडातील टोमणे मात्र ज्याच्या हाती ध्वनिवर्धक, त्याच्या तोंडचे होते.

सद्यःस्थिती एकसारखी नाही. न्यू इंग्लंडमधील व अनेक शहरांतील कॉन्ट्रा मंडळांनी पक्ष्यांची नावे स्वीकारली आहेत. काही पुकारणारे भूमिकांची नावेच न घेता केवळ जागेवरून पुकारतात, जे कौशल्याचे काम आहे. पाश्चिमात्य स्क्वेअर डान्सच्या मंडळांत आज्ञाशब्दांच्या याद्या 1974 मध्ये स्थापन झालेली 'कॉलरलॅब' ही पुकारणाऱ्यांची संघटना ठरविते, त्यामुळे तेथे एखादा पुकारणारा आपल्या मर्जीने मूळ आज्ञा सहसा बदलू शकत नाही. जगभरच्या मंडळांत नाचणाऱ्याला तीच आज्ञा तशीच ऐकू यावी, हा तिचा हेतू. उलट ॲपलाचियन डोंगरांतील छोट्या नाचांत आजही पुकारणारा गावच्या ओळखीच्या माणसांसमोर उभा असतो आणि कोणता शब्द कोणाला लागेल, हे त्याला यादीशिवाय कळते. जुने पुकार, भरताडासह, न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील राल्फ पेज यांच्या संग्रहात व अन्य ध्वनिमुद्रणांत जतन झाले आहेत. अभ्यासकाला ते तेथे ऐकता येतात. मात्र तेथे तो बसून ऐकतो, त्यावर त्याला नाचावे लागत नाही.